जर्दाळूची पुडी

जर्दाळू रंगाचं कापड मी शिवायला घेत नाही. परवा एक मुलगी ब्लाऊजपीस घेऊन आली. म्हणाली, "मावशी, हो ॲप्रिकॉट कलर. लग्नाक जाय." मी म्हटलं, बाय, याला आम्ही जर्दाळू म्हणतो, आणि तू दुसरीकडे जा. ती फुगली. म्हणाली, मग अबोली समजा आणि शिवा. अबोली मी शिवते. अबोलीचं फूल केसांत माळतात, कुणाचं वाईट करत नाही. जर्दाळूचं वेगळं आहे. दुकान माझं, मशीन माझी, गुडघे माझे. कुठलं कापड सुईखाली घालायचं ते मी ठरवणार.

त्या रंगाचं शेवटचं कापड मी शिवलं ते सगुणवयनीचं.

सगुणवयनी डिचोलीला माझ्या शेजारी राहायची. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत, आणि तीही छपरापर्यंत पोचलेली नव्हती. तिकडे फोडणी पडली की इकडे मला ठसका. ती मूळची दोडामार्गाकडची, लग्न होऊन इथं आली. नवरा दामू खनिजाच्या ट्रकावर ड्रायव्हर. ती उंच, हाडापेरानं दांडगी, मनगटं अशी की कासाराकडे तिच्या मापाची बांगडी मिळायची नाही. एवढी बाई, पण पहिली कित्येक वर्षं मी तिचा आवाज ऐकला नाही. ऐकला तो दामूचा. खाणीवर खेप चुकली, आमटीत मीठ जास्त झालं, कुत्रं आडवं गेलं, कारण काहीही चालायचं. आधी भांडं पडायचं, मग दार लागायचं, मग ओलं कापड दगडावर आपटावं तसा आवाज यायचा. ती ओरडत नसे. पोरीला तिनं आधीच माझ्याकडे पाठवलेलं असे, चिंध्यांशी खेळायला. ती सुमन.

दुसऱ्या दिवशी दामू जर्दाळू आणायचा. बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानातून, कागदाच्या पुडीत. पुडी सगुणवयनीच्या पुढ्यात सोडायची, समोर मांडी ठोकायची आणि म्हणायचं, "खा." ती खाईपर्यंत हा उठायचा नाही, मग तिच्या ओठाला चीर असो की जबडा सुजलेला असो. खाऊन झालं की तिनं काढलेल्या बिया तो उंबऱ्यावर ठेवून ट्रकाच्या पान्यानं फोडायचा आणि आतला बदामासारखा मगज सुमनच्या तळहातावर ठेवायचा. सुमनला एवढंच ठाऊक: बाबा जर्दाळू आणतात, आई खाते, मगज मला मिळतो. तिच्या लेखी वाड्यावर एवढा प्रेमळ बाप दुसऱ्या कुणाला नव्हता. पुडी दिसली की ती टाळ्या पिटायची, आणि मी भिंतीच्या अलीकडे दात आवळून मशीन चालवायची.

एकदा नुसत्या पुडीवर भागलं नाही. त्या वेळी त्यानं तिचा दात पाडला होता आणि बरगडीत लाथ घातली होती. पुडीबरोबर साडी आली, त्याच फळाच्या रंगाची, पिवळसर केशरी, अंगावर घेतली की चेहरा उजळावा अशी. ब्लाऊज शिवायला ती माझ्याकडे आली. मी दंडाला फीत लावली, तिनं श्वास ओढला. पाठीला लावली, पुन्हा तेच. आता फीत लावू कुठे? शेवटी डोळ्यांनीच माप घेतलं आणि ब्लाऊज मुद्दाम सैल शिवला.

"वयनी, माहेरी जा," मी म्हटलं.

"भावांनी दार उघडूक व्हया मां," ती म्हणाली. मग साडीवर हात फिरवून म्हणते कशी, "रंग बरो आसा हां, पुष्पा. मेल्याक रंग कळता."

मग तो दिवस आला. आदल्या संध्याकाळी मार झालेला, सकाळी पुडी आलेली. त्यांचं दार सताड उघडं होतं आणि मी विहिरीवरून कळशी घेऊन येत होते, म्हणून पाहिलं. सगुणवयनी तोंड फिरवून बसली होती. खात नव्हती. दामू समोर मांडी घालून. तेव्हा सुमन उठली, पुडीतला एक जर्दाळू घेतला आणि आईच्या तोंडाशी नेला. "खा गो आये. बाबान तुझ्यासाठी बाजारातसून हाडलेत."

पोरीच्या हातचा तिनं खाल्ला. चावला, गिळला, बी काढून दिली. दामूनं ती बी उंबऱ्यावर डाव्या हाताच्या बोटांत धरली आणि उजव्या हातात पाना घेतला. सगुणवयनीनं पाट्यावरचा वरवंटा उचलला. पहिला घाव बीवर बसला, बाकीचे सगळे हातावर. हाडं मोडलेली मला ऐकू आली. कळशी माझ्या पायावर पडली. दामू गुरासारखा बोंबलत होता, ती घाव घालतच होती, आणि सुमन तळहात पुढे करून तशीच उभी होती, मगज घ्यायला.

हात बांधला, पण वाकडाच बसला. ट्रकाचा गिअर डाव्या हातानं टाकतात. वाकड्या हाताला ट्रक कोण देणार? बायकोनं मोडला असं तो कुणाला सांगू शकला नाही, टायर पडला म्हणून सांगत हिंडला. मग भावाकडे गेला बांद्याला आणि तिथंच मेला. मी रडले नाही. सगुणवयनी रडली, का ते विचारायची माझी छाती झाली नाही. त्या साडीची मात्र तिनं फाडून फडकी केली.

पोटासाठी तिनं खाणीच्या रस्त्यावर वळणापाशी गाडो घातला. चहा, उंडो पाव, पातळभाजी, मिरचीची भजी. ट्रकांची रांग लागायची, रस्ता लाल, झाडं लाल, ड्रायव्हरांच्या भुवया लाल, आणि त्या सगळ्यात तिची जर्दाळू रंगाची फडकी लांबून दिसायची. जर्दाळू ती स्वतः विकत घ्यायला लागली. एक कायम गालात. मला वाटलं होतं, या बाईला त्या फळाचं तोंड बघवणार नाही. तसं बोलूनही दाखवलं.

"इतकी वर्सां मार खावन खाल्लंय," ती म्हणाली. "आता मार नाय खाता खावन बघतंय, कसो लागता तो."

ड्रायव्हर लोकांचं लक्ष तिच्या गालाकडे असायचं. गाल फुगलेला आहे तोवर थट्टामस्करी, चढा आवाज, सगळं चाले. तिनं बी तोंडातून काढली आणि पदराच्या गाठीत बांधली की शहाणा माणूस अर्धा चहा टाकून ट्रकात जाऊन बसायचा. एकदा एक शहाणा नव्हता. खाणीवरची एक मजूर बाई चहाला आली होती, त्यानं तिच्या कमरेला हात घातला. सगुणवयनीची बी गाठीत गेली आणि तेलातला झारा त्याच्या मानेवर आला. कातडी सुटली. त्याचे चार दोस्त लोखंडी कांबी घेऊन आले. ही उकळत्या तेलाची कढई कानांना धरून उभी. म्हणाली, "या. भजी काढून झाली. माणसां तळूक जास्त वेळ लागाचो नाय." ते आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तो मान भाजलेला गाड्यावर आला, कारण त्या रस्त्याला दुसरा चहा नव्हता. सगुणवयनीनं चहाच्या बशीत दोन जर्दाळू ठेवले आणि म्हणाली, "खा." त्यानं मुकाट्यानं खाल्ले. हा तिचा रिवाजच पडला. आज मारलं की उद्या जर्दाळू. आम्ही सगळे हसायचो. ड्रायव्हर एकमेकांना चिडवायचे, "काय रे, उद्या जर्दाळू खावक येतलंस?"

मलाही मार पडलेला आहे, उगाच लपवू कशाला? वाड्यावरच्या एका घरात बायकोला काठीनं मारत होते. सगुणवयनी वरवंटा घेऊन निघाली. मी म्हटलं, नवरा-बायकोच्या भांडणात आपण कशाला पडा? अशी थोबाडीत बसली की चष्मा नाल्यात. तिनं त्या नवऱ्याला गचांडी धरून अंगणात ओढला, विहिरीच्या कठड्यावर त्याचं डोकं आपटलं, आणि त्याची काठी त्याच्याच पाठीवर मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या मशीनवर दोन जर्दाळू. मी खाल्ले. राग काही गेला नव्हता, तेवढी मी देवमाणूस नाही. पण जर्दाळू चांगले होते.

वाड्यावर तसं बोलायची रीतच पडून गेली होती. विहिरीवर बायका हळूच विचारायच्या, "तिच्याकडे जर्दाळू इले वाटता?" म्हणजे तिला नवऱ्यानं मारलं. ज्यांच्या नवऱ्यांनी जन्मात चण्याची पुडी आणली नाही त्यांच्याबद्दलही असंच. फक्त सुमनसमोर हा शब्द काढायचा नाही, अशी सगुणवयनीची ताकीद होती.

"तिका सांग तरी, बापूस काय करी ते," मी कितीदा म्हटलं.

"बापसाबद्दल वाईट सांगान चेडवाचा काय भला होतला? एक तरी गोड आठव असांदे तिका."

"आणि तिच्या डोळ्यांत तू कोण?"

"मी आसंय तीच," ती म्हणाली. "हात मोडणारी."

आणि तसंच झालं होतं. सुमन आईला उलट बोलत नसे, पण आईच्या हातून वेणी घालून घेत नसे. आईनं हात वर केला, फळीवरचा डबा काढायला का असेना, की ती मागे सरायची. सगुणवयनीला ते दिसायचं. ती डबे खालच्या फळीवर ठेवायला लागली.

सुमनचं लग्न हरमलला झालं. मुलगा विनायक. समुद्राकाठी घर, पर्यटकांना खोल्या देतो, स्कूटर भाड्यानं देतो, बोलणं असं की साखरेच्या पाकात घोळून काढलेलं. मला मेला पहिल्या दिवसापासून आवडला नव्हता, पण मला कोण विचारतो? लग्नानंतर सुमन ब्लाऊज माझ्याकडूनच शिवून घ्यायची. पहिल्यांदा आली तेव्हा म्हणाली, बाही कोपरापर्यंत. पुढच्या वेळी कोपराखाली, आणि पाठ बंद. हरमलच्या उकाड्यात बंद पाठ कोण मागतं? मी दंडाला फीत लावली आणि तिनं श्वास ओढला. तो श्वास माझ्या ओळखीचा होता.

ती गेल्यावर मी लगेच सगुणवयनीला जाऊन सांगितलं. सुमनला तेव्हा दिवस गेलेले. सगुणवयनी बराच वेळ भजीचं पीठ कालवत राहिली. "फुलां माळूक जावचाच आसा," ती म्हणाली. "स्वतःच्या डोळ्यांनी बघतंय."

पहिलटकरणीला पाचव्या महिन्यात आमच्याकडे फुलं माळतात. माहेरची माणसं फुलं आणि ओटी घेऊन जातात. आम्ही अबोलीच्या फाती, म्हणजे गजरे, नारळ, तांदूळ घेऊन हरमलला गेलो. सोप्यावर पाट मांडलेला, शेजारच्या बायका जमलेल्या. सुमन पाटावर बसली होती, केसांत अबोली, अंगावर नवी साडी. साडी जर्दाळू रंगाची, ब्लाऊज मात्र मी आधी शिवलेला, हिरवा. मी सगुणवयनीकडे बघितलंच नाही. मला भीतीच वाटली.

विनायक हसत हसत आतून ताट घेऊन आला. ताटात जर्दाळू. "हिका हे आवडतत म्हणान मी सारखे हाडतंय," तो बायकांना म्हणाला. "साडी पण तेच रंगाची घेतलंय."

सुमन लाजली. म्हणाली, "माझे बाबा पण असेच हाडीत."

शेजारी बसलेल्या सगुणवयनीनं तोंडातली बी काढली आणि पदराला गाठ मारली. मी तिचं लुगडं धरलं, पण त्या बाईला मी धरून राहणार होते थोडीच. तिनं सुमनच्या ब्लाऊजची बाही वर ओढली. शिवण उसवली, माझी शिवण, अशीतशी सुटत नाही. दंडावर बोटांचे वळ, काही निळे, काही जुने होऊन पिवळे पडलेले. जमलेल्या बायकांनी पाहिलं आणि खाली बघितलं.

तिनं ओटीच्या ताटातला नारळ उचलला आणि विनायकाच्या तोंडावर घातला. नाक फुटलं. तो ताटावर पडला, जर्दाळू सोपाभर पसरले, ओटीचे तांदूळ लाल झाले. ती त्याच्या छातीवर गुडघा देऊन बसली आणि नारळ पुन्हा वर गेला. तेव्हा पोट सांभाळत सुमन मधे आली.

"बाबांचो हात मोडलंस," ती म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू. "माका मगज देयत होते ते. माझ्यासमोर मोडलंस. आता ह्येचो मोड. तुका दुसरा काय येता?"

नारळ सगुणवयनीच्या हातून सुटला. तोच मोकळा हात सुमनच्या गालावर बसला. पाची बोटं उठली. केसांतल्या फाती तुटून खाली पडल्या. त्या गर्दीत मला फक्त समुद्र ऐकू येत होता. मग विनायकाची आई भानावर आली आणि तिनं आम्हाला अंगणाबाहेर काढलं.

पोलिसांत कुणी गेलं नाही. सासूनं नारळानं नाक फोडलं हे चौकीत कोण पुरुष सांगायला जातो?

दोन दिवस सगुणवयनीनं गाडो उघडला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन बाजारात निघाली, त्याच सुक्या मेव्याच्या दुकानात. दुकानदार नेहमीचा, न विचारता तोलायला लागला. ती म्हणाली, "आज दोन पुडयो बांध. एक माका, एक चेडवाक. परवा माझो हात लागलो तिका."

त्यानं पुड्या बांधून पुढे केल्या. घ्यायला तिनं हात पुढे केला आणि तो तसाच राहिला. दुकानदार म्हणाला, "घेतंस मां?" ती पुडीकडे बघत होती.

"पुष्पा," ती म्हणाली, "ह्यां बोलणां कोणाचा?"

दामूचं, हे मी तिला काय सांगायचं?

"त्या ड्रायव्हराक पण देयलंय," ती म्हणाली. "तुका पण. खा म्हटलंय." तिनं गालातला जर्दाळू काढला, अर्धा चघळलेला, आणि दुकानाच्या पायरीवर टाकला. दोन्ही पुड्या मागे सरकवल्या. चेहरा असा झाला होता की दुकानदारानं तिला पाणी दिलं. पुढे तिच्या गालात मी कधी जर्दाळू पाहिला नाही. पण ते पुढचं.

"चल हरमलाक," ती म्हणाली.

मी म्हटलं, अगो, केळ्यांची फणी तरी घे. पोटुशी लेक आहे, लेकीच्या घरी रिकाम्या हातानं कोण जातं?

"मी जातंय."

हरमलला पोचलो तेव्हा सुमन एकटीच सोप्यावर बसली होती. एका गालावर आईची बोटं अजून दिसत होती. ओठ फाटलेला होता, तो मात्र ताजा, तो आमच्या मागाहून फाटलेला. शेजारी जर्दाळूची नवी पुडी, दोरासुद्धा सोडलेला नाही. दारात तिची सासू येऊन उभी राहिली. "चेडवाक मारून गेली," ती म्हणाली, "आणि आता हात हालवीत इली."

सगुणवयनी पायरी चढली नाही. अंगणातच उभी राहिली आणि तिनं दोन्ही हात पुढे केले, उताणे. मोठे, भाजलेले, रिकामे.

"सुमन, मी तुका मारलंय," ती म्हणाली. "मारलंय ता मारलंय. त्येच्यार घालूक मी काय हाडूक नाय." तिचा आवाज फुटला, मी तो पहिल्यांदा फुटलेला ऐकला. "तुझो बापूस मारून जर्दाळू हाडी. आदल्या दिसा मारी, दुसऱ्या दिसा हाडी आणि खा म्हणी. तू टाळयो वाजवीस म्हणान मी खाय. माका सांगूक व्हया होता. मी सांगूक नाय."

सुमननं शेजारच्या पुडीकडे पाहिलं. मग आईच्या हातांकडे पाहिलं, खूप वेळ. आतून विनायकाचा आवाज आला, फुटलेल्या नाकातला, गोड. "सुमन, जर्दाळू खाल्लंस मां गो?"

ती उठली. पोटाखाली हात धरून पायऱ्या उतरली आणि पायरीशी काढलेल्या चपला घातल्या. सासू काहीतरी बोलत होती. पुडी सोप्यावरच राहिली.

आत विनायक बाहेर यायला उठला असेल, पण सगुणवयनी अंगणात उभी आहे हे त्याला दिसलं असणार. तो दारापर्यंत आला आणि तिथंच थांबला.

त्यानंतर सगुणवयनी पुष्कळ वर्षं होती. नातवाला तिनं वाढवलं, गाडो चालवला, वरवंटा घेऊन आणखी दोन-तीन घरांतही शिरली. पण दुसऱ्या दिवशी त्या माणसांना काही दिलं नाही. तरी तिची आठवण झाली की मला ती त्या दिवशीच्या बसमध्ये दिसते. सुमन खिडकीशी बसली होती. रस्ता खराब, बस आदळत होती आणि प्रत्येक धक्क्याला सुमन आईच्या अंगावर कलत होती. सगुणवयनी ताठ बसली होती, दोन्ही हात स्वतःच्या मांड्यांखाली दाबून. पेडण्याला बस बदलली, तिथं पुन्हा तशीच बसली. डिचोली येईपर्यंत तिनं ते हात बाहेर काढले नाहीत.